साक्षीला बोलावणं

हॉलोमिअरच्या हवेलीत मालकांच्या खोलीतून "सहीला ये" असा निरोप आला, की नोकर एकमेकांना पुढे ढकलायचे. मृत्युपत्रावर ज्याने साक्षीदार म्हणून सही केली, त्याला त्या मृत्युपत्रातून चमचासुद्धा मिळत नाही, हा इंग्लंडचा कायदा. तो त्या घरात भांडी घासणाऱ्या पोरीलाही पाठ होता. ल्युडोविक कॉर्बिशलीसाहेबांनी तो अगदी शिस्तीत वापरला होता. सूप गार आलं, की नवं मृत्युपत्र, आणि साक्षीला स्वयंपाकीणबाई. बूट नीट चमकले नाहीत, की आणखी एक नवं मृत्युपत्र, आणि साक्षीला बटलर हॉबडे. मृत्युपत्रं साहेब स्वतःच लिहायचे. वकिलाची फी म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा, असं त्यांचं मत होतं.

"शिव्या परवडल्या," स्वयंपाकीण मिसेस टिब्स म्हणायची, "पण त्या मेल्या दौतीपाशी बोलावू नका."

साहेबांची मुलगी ड्रूसिला त्रेचाळीस वर्षांची होती, अविवाहित होती, आणि आई गेल्यापासून घर तीच चालवत होती. हवेली आणि जमीन थोरला भाऊ एव्हरार्ड याच्याकडे जाणार, हे आजोबांनीच बांधून ठेवलं होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पावसाबद्दल तरी कोण तक्रार करतं? तिला हवं होतं ते फक्त नदीच्या बंधाऱ्यावरचं घर. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे नासपतीची झाडं. ते साहेबांनी स्वतः विकत घेतलेलं होतं, म्हणजे मनात येईल त्याला देता येणारं. दर गुरुवारी ती कमरेच्या जुडग्यातली तिथली किल्ली लावून आत जायची, खिडक्या उघडायची, थोडा वेळ बसायची आणि खिडक्या लावून परत यायची. टेबल कुठे ठेवायचं हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

ते घर मिळालं नाही, तर पुढे काय हेही ठरलेलं होतं. ते एव्हरार्डच्या बायकोने, जॉर्जियानाने, ठरवलं होतं. मुलांच्या खोलीला लागून एक खोली होती. "आत्याला मुलांची किती हौस!" जॉर्जियाना चारचौघांत म्हणायची. मुलं सहा होती. ड्रूसिलाला मुलांची हौस होतीही, पण एका वेळी एकाची.

वडिलांना तिने घर कधी मागितलं नाही. मागणं त्या घरात शोभत नसे. मुलींनी वाट बघायची असते, आणि ड्रूसिला त्यात चांगली तरबेज झाली होती.

फेब्रुवारीत साहेबांनी अंथरूण धरलं, आणि एका दुपारी तिला निरोप आला. सहीला ये.

खोलीत डॉक्टर गारसाइड हातात टोपी घेऊन उभे होते. साहेब उशांना टेकून बसले होते, मांडीवर कागद, मजकुरावर टिपकागद पालथा.

"ये. साक्षीला दोघं लागतात. डॉक्टरांच्या खाली सही कर."

"पपा, हॉबडेला बोलावू का?"

"हॉबडे चालायचा नाही. त्याला या वेळी घड्याळ ठेवलंय. टिब्सबाईला ठेवलंय, माळ्याला ठेवलंय, त्या भांडी घासणाऱ्या कार्टीलासुद्धा ठेवलंय. मरायला टेकलं की माणूस मऊ होतो म्हणे. पाद्रीबुवा सांधे धरून पडलेत. घरात सहीला माणूसच उरला नाही."

"म्हणून मी?"

"मग काय घोड्याला बोलावू? चल, आटप."

ड्रूसिला टाक हातात घेऊन उभी राहिली. भांडी घासणाऱ्या पोरीलासुद्धा काहीतरी होतं. सगळ्यांना वाटून झाल्यावर जी उरली, ती तीच. 'नाही' हा शब्द तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आला. तिथवर तो याआधीही बरेचदा आला होता, आणि वाट ओळखीची असल्यामुळे निमूट परत गेला. वडिलांनी सही केली, डॉक्टरांनी केली, मग तिने केली, पूर्ण नावानिशी, वळणदार अक्षरात.

"खिडकी लावू का?" तिने विचारलं.

"लाव."

बाहेर हॉबडेने तिच्या बोटाला लागलेली शाई पाहिली आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून दार धरलं. संध्याकाळी मिसेस टिब्सने न सांगता कस्टर्ड वर पाठवलं, घरात कोणी गेलं की पाठवतात तसं. ड्रूसिला रडली नाही. तिला राग आला होता. इतका राग यापूर्वी कधी आला नसल्यामुळे त्याचं काय करायचं हे तिला सुचेना, म्हणून तिने घरातल्या सगळ्या चादरी काढून पुन्हा घड्या घातल्या. त्या गुरुवारी ती बंधाऱ्याकडे फिरकली नाही. पुढच्याही नाही.

एप्रिलमध्ये साहेब गेले. दफन आटोपून मंडळी जेवणघरात जमली. थंड हॅम होतं, शेरी होती, आणि शेरीहून कोरडे वकील लॅचफर्ड मृत्युपत्र वाचत होते. हॉबडेला घड्याळ मिळालं. मिसेस टिब्सला चांदीची किटली मिळाली, आणि ती रडली, कारण किटली घासायची कशी हे तिला माहीत होतं. ड्रूसिला टेबलाच्या कडेला बसून शेरी सगळ्यांना पुरेल की नाही हे बघत होती.

"'माझी मुलगी ड्रूसिला,'" लॅचफर्ड वाचू लागले, "'जिने मला उभ्या जन्मात एकदाही नाही म्हटलं नाही, तिला बंधाऱ्यावरचं घर, नासपतीच्या बागेसकट, कायमचं.'"

ड्रूसिलाच्या हातून पेला निसटला नाही. तिने तो खाली ठेवला. वडिलांवर गेले दोन महिने धरलेला राग एकदम हातातून गेला, आणि त्याच्या जागी नुसता आनंद आला.

लॅचफर्डनी पान उलटलं. सह्या पाहिल्या. चष्मा काढला.

"मिस कॉर्बिशली, ही सही तुमची?"

"हो."

"अरेरे," लॅचफर्ड म्हणाले. फी न घेता ते एवढंच बोलत.

घरच्या मंडळींना समजायला थोडा वेळ लागला. नोकरांना लागला नाही. हॉबडेने मान खाली घातली. डॉक्टर गारसाइड लालबुंद झाले. "मी विचारलं होतं हो त्यांना. मिस ड्रूसिला बाहेर गेल्यावर म्हटलं, मुलगी चालते का साक्षीला? तर म्हणाले, तो नियम नोकरांसाठी, घरच्या माणसाला कसला नियम! आणि म्हणाले, पोरगी खूश होईल."

घर अर्थातच एव्हरार्डकडे गेलं. उरलंसुरलं सगळं त्याच्याचकडे जात होतं.

"फार वाईट झालं," एव्हरार्ड म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण कायद्यापुढे आपण काय करणार? आणि तुला घराची चिंता कशाला? जॉर्जियानाने खोली झाडूनसुद्धा ठेवलीय."

"मुलं सकाळपासून विचारतायत, आत्या कधी येणार?" जॉर्जियाना म्हणाली आणि हात पुढे केला. "किल्ल्या देऊन टाका वन्सं, आता माझ्याकडे."

ड्रूसिलाने कमरेचा जुडगा सोडला. त्यातली एक किल्ली काढून खिशात टाकली आणि बाकीच्या जॉर्जियानाच्या हातावर ठेवल्या.

"आणि ती एक?"

"नाही," ड्रूसिला म्हणाली.

एव्हरार्ड वाक्याच्या उरलेल्या भागाची वाट बघत राहिला. तो आला नाही. लॅचफर्ड छताकडे बघू लागले. कायद्याच्या लेखी त्या शब्दाला आता कवडीची किंमत नव्हती. फेब्रुवारीत म्हटला असता, तर एक घर आणि आख्खी बाग मिळाली असती.

"नाही," ती पुन्हा म्हणाली, सवय व्हावी म्हणून. मग टोपी घातली आणि खिडक्या उघडायला निघाली. गुरुवार होता.