मुंगीचं नाव

मुंगी हे तिचं घरातलं नाव. थोरल्या भावानं, दादानं ठेवलेलं. कारण लहानपणी वाचताना हिचं बोट ओळींवरून मुंगीसारखं फिरायचं. पुढे ती वर्तमानपत्रात मुद्रितशोधक झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका खोडल्या, पण स्वतःचं नाव? एकदाही छापून आलं नाही. मग वर्तमानपत्रच बंद पडलं आणि बाईसाहेब केस पिकल्यावर रेडिओच्या बातमी विभागात आवाज कापायला शिकू लागल्या. घ्या!

शिकवणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत. बातमी दीड मिनिटाची, एक श्वासही जास्त नाही, हा त्याचा कायदा. "आणि शेवटी बातमीदाराचं नाव," तो म्हणाला, तेव्हा मुंगीला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. तिचं नाव गावभर ऐकू जाणार होतं!

पहिली बातमी तिनं दादाचीच घेतली. नदीवर पूल झाला होता, आणि दादाची नाव आज संध्याकाळी शेवटची फेरी मारणार होती. दादा बोलताना अडखळायचा. नावेवर कर्णा होता, पण त्याला त्यानं कधी हात लावला नाही. सूचना द्यायच्या त्या तिकीटवाल्यानं. सकाळच्या धुक्यात तिनं त्याच्यापुढे माईक धरला. हेडफोनमध्ये नदी इतकी जवळ आली, की जणू कानातूनच वाहत असावी. इंजिनाची धडधड, पाण्याची चुळबुळ, आणि त्यावर तरंगत आलेला दादा: "न-न-नदी ओळखते ग म-मला."

संगणकाच्या पडद्यावर तो आवाज डोंगररांगेसारखा पसरला. दादा जिथे अडखळला होता तिथे बारक्या टेकड्या दिसत होत्या. मुंगीचे हात शिवशिवले. चूक दिसली की खोड. जित्याची खोड म्हणतात ती हीच. तिनं टेकडी न् टेकडी कापली. शेवटी स्वतःचं नाव जोडलं. बरोबर दीड मिनिट! खुशीत ती धक्क्यावर गेली आणि तिनं दादाच्या कानांवर हेडफोन चढवले.

दादा डोळे मिटून ऐकत राहिला. मग म्हणाला, "छ-छान बोलतो. क-कोण ग हा?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. मुंगीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लोक हसतील म्हणून कापलं रे, दादा."

"ह-हसू देत. नदी न-नाही हसली कधी."

परत येऊन तिनं सगळं जागच्या जागी लावलं. बातमी लांबली. कानसेननं घड्याळाकडे बोट दाखवलं. "काहीतरी कापा, बाई." तिनं स्वतःची घोटून लिहिलेली वाक्यं कापली. तरी थोडं जास्त उरलंच. कापण्यासारखं राहिलं होतं फक्त शेवटचं तिचं नाव. बोट बटणावर अडलं. तिला रडू येत होतं, आणि आपल्या रडण्याचा रागही. कापलं.

"अरेरे, नाव गेलं," कानसेन हळहळला.

"नाव राहिली ना!" ती म्हणाली.

संध्याकाळी पुन्हा धुकं उतरलं. शेवटच्या फेरीला मुंगीही नावेत होती. दादानं सुकाणूपाशी रेडिओ ठेवला होता. बातमी लागली आणि रेडिओतली धडधड इंजिनाच्या धडधडीत मिसळली. आतली नदी कुठली आणि बाहेरची कुठली, कळेना. "न-न-नदी ओळखते ग म-मला." कुणी हसलं नाही. एका म्हातारीनं डोळे पुसले. लगेच हवामानाचा अंदाज सुरू झाला.

दादानं वळून पाहिलं. "तु-तुझं नाव?"

"मावलं नाही रे."

दादानं सुकाणू तिकीटवाल्याच्या हाती दिलं. कर्ण्याचा माईक उचलला, घसा खाकरला, आणि दोन्ही काठांवर त्याचा आवाज घुमला: "ब-बातमी माझ्या ब-बहिणीची होती! मु-मु-मुंगीची!"

रेडिओवर नाव एकदाच आलं असतं. दादानं ते तीनदा सुरू केलं, आणि मुंगीला त्यातलं एकही अक्षर खोडावंसं वाटलं नाही.