वाट बघणाऱ्याची लढत

माझा धाकटा भाऊ बॉक्सिंग खेळतो. खेळतो कसला, समोरच्याची वाट बघतो.

क्लबात त्याला सगळे नवाब म्हणतात आणि त्याला ते कौतुक वाटतं. लढत संपवून खाली उतरला तरी भांग जागच्या जागी. पद्धत अशी, की आपण आधी हात उचलायचाच नाही. समोरच्याने ठोसा मारावा, यानं मान जराशी तिरकी करून तो हुकवावा आणि समोरचा तोल सावरतोय तोवर एक सणसणीत ठेवून द्यावा. दिसायला मोठं देखणं. लोक टाळ्या वाजवायचे आणि टाळ्या विरेपर्यंत हा परत काही करायचा नाही.

घरातही हीच तऱ्हा. नळ गळायला लागला, तर दुसऱ्या कुणाला वैताग येईपर्यंत नवाब थांबणार. नोकरीचं विचारलं की, "बोलावतील की." आई म्हणते, "शांत स्वभावाचा आहे गं." शांत! शांत तर दगडही असतो, पण त्याला कुणी ताट वाढून देत नाही.

मी इस्पितळात ड्रेसिंगच्या खोलीत काम करते. जखमांची सवय आहे, म्हणून लढतीच्या वेळी त्याच्या कोपऱ्यात बर्फ, बादली आणि व्हॅसलीन माझ्याकडे. क्लबचा कोच माझा नवरा. म्हणजे नवाबाचा पसारा उचलायला सगळं घरच कामाला.

त्या वर्षी अजिंक्यपदाच्या लढतीत त्याच्यासमोर एका बेकरीतला कामगार आला. बुटका, रुंद, नाक दोनदा मोडलेलं. दिवसभर पिठाचे गोळे आपटून आपटून खांदे असे झालेले, की शर्ट शिवणाऱ्याला कापड वाढवून घ्यावं लागत असेल. नवाबानं त्याची एक लढत पाहिली आणि घरी येऊन हसला.

"नुसती कणीक आहे. मान वाचवायची कशी ते माहीत नाही. दहा मारतो तेव्हा दोन लागतात."

"आणि शंभर मारले तर?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"भावजी, शंभर मारायला तो उभा राहिला पाहिजे ना?"

आई हसली. नवाबाच्या विनोदाला ती न ऐकताच हसते.

लढतीच्या दिवशी सभागृह गच्च होतं. पहिल्या फेरीत नवाब म्हणाला तसंच झालं. बेकरीवाला खाली मान घालून आला, नवाबानं डावीकडे सरकून त्याच्या जबड्यावर असा ठोसा बसवला, की माझ्याही दाढा शिवशिवल्या. टाळ्या पडल्या. नवाब एक पाऊल मागे सरून उभा राहिला, फोटो काढायला सांगितल्यासारखा. आणि त्या टाळ्या चालू असतानाच बेकरीवाल्याचे तीन ठोसे त्याच्या बरगड्यांवर बसले.

नवाबाच्या तोंडावर जे आलं ते दुखणं नव्हतं. जेवता जेवता कुणी ताट उचलून नेलं तर माणूस बघतो, तसा तो बघत होता.

दुसऱ्या फेरीपासून सगळा प्रकार उघडा पडला. समोरच्याची चूक पकडायची, तर त्यानं चूक करून क्षणभर थांबावं लागतं. हा गडी थांबतच नव्हता. पहिला ठोसा हुकला की दुसरा, दुसरा हुकला की तिसरा. चौथा खांद्यावर, पाचवा दंडावर, सहावा पोटात. निम्मे तर हातमोज्यांवरच आदळत होते, पण ते अडवता अडवता नवाबाचे दोन्ही हात तिथेच अडकलेले. मारायचे कुठून? मध्येच त्याचा एखादा सुरेख ठोसा लागायचा. बेकरीवाला डोकं झटकायचा आणि परत पुढे. नवाब मागे, मागे, दोरांपर्यंत. त्याच्या कणकीनंच त्याची कणीक तिंबायला घेतली होती.

फेरी संपली. तो स्टुलावर बसला. भुवईला चीर पडली होती. मी दाबून धरली.

"चुकतोय तो," नवाब धापा टाकत म्हणाला. "सारखा चुकतोय."

"चुकत चुकत पुढे चाललाय," नवरा म्हणाला. "पंच काय तुझं हुकवणं मोजतायत? तू आधी मार. मधोमध उभा राहा आणि मार."

"दमेल तो. वाट बघू."

"बघ," मी म्हणाले. "बसस्टॉपवरच उभा आहेस ना. येईल पुढची."

बेकरीवाला दमला नाही. दमला असेलही, पण त्यानं ते नवाबाला कळवलं नाही. शेवटच्या फेरीत नवाबाचा धीर सुटला आणि तो पहिल्यांदा स्वतःहून पुढे गेला. लागोपाठ चार ठोसे. आणि काय सांगू, ते चारही लागले. बेकरीवाला मागे सरकला, त्याचे पाय अडखळले. मी बादली सोडून उभी राहिले. तेवढ्यात आमचे नवाबसाहेब थांबले. आपण केलं ते कसं दिसलं ते बघायला. समोरच्यानं श्वास घेतला आणि घंटा होईपर्यंत त्यांना दोरांना टेकवून बडवलं.

तिन्ही पंचांनी बेकरीवाल्याला विजयी ठरवलं. उतरताना तो आमच्या कोपऱ्याशी आला. नम्र वगैरे अजिबात नाही. सुजलेल्या तोंडानं म्हणाला, "छान मारतोस रे. आणखी मारायचं होतंस." आणि आपल्या माणसांत जाऊन ओरडू लागला.

घरी नवाबानं आईला सांगितलं, की स्वच्छ ठोसे त्याचेच जास्त होते, पंचांना खेळ कळत नाही. आईनं पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हळदीचं दूध झालं, उशा झाल्या. मला किळस आली. माणूस हरला म्हणून नाही. हरणंही दुसऱ्या कुणीतरी पत्करावं, याची हा वाट बघत होता, म्हणून.

आठवड्यानं तो टाके काढायला माझ्या खोलीत आला. मी चिमट्यानं धागा ओढत होते.

"ताई, खरं सांग. मी हरलो का?"

"हरलास. चार ठोशांची ताकद शिल्लक ठेवून हरलास. ती काय घरी आणून आईला द्यायची होती?"

"लागलं असतं गं मला. पुढे गेलो असतो तर."

"मग मागे जाऊन काय गुदगुल्या झाल्या?"

मला वाटलं, आता मान तिरकी करेल आणि हुकवेल. त्यानं माझा हात झटकला. "गप्प बस!" असा ओरडला, की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. एक टाका तसाच ठेवून निघून गेला.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. नवाब थेट बेकरीत गेला होता. भट्टीसमोर, सगळ्या कामगारांदेखत त्यानं परत लढत मागितली. बेकरीवाला पिठाच्या हातांनी कपाळ पुसत म्हणाला म्हणे, "ये की. या वेळी जास्त मारीन."

"आणि हा काय म्हणाला?"

"म्हणाला, तारीख मी ठरवणार. ठरवूनही आलाय. आत्ता क्लबात बॅगेवर हात चालवतोय. इतकं घाणेरडं मारताना मी त्याला कधी पाहिलेलं नाही."

संध्याकाळी तो जेवायला आला तेव्हा मी त्याला काही म्हटलं नाही. राहिलेला टाका तेवढा काढला. कौतुकाचा एक शब्द कानावर पडला असता, तर हा लगेच थांबला असता.