चिमणीचा पाढा

टण्ण. पितळी वाटीत चिंचोका पडला आणि दुपारचं निजलेलं माजघर दचकलं. पाळण्यातलं बाळ हललं, पण उठलं नाही.

"हात भरला," उत्तरा कुजबुजली आणि तिनं पाटीवर एकावर शून्य काढलं.

समोर पापड होते बारा.

एकावर शून्य दहा, हे मी पोरीला पंधरा दिवस सांगतेय. पण मोजायला ती शिकली प्रयागबाईकडून. प्रयागबाई आमच्याकडे उन्हाळ्याचे पापड लाटायला येते. अंगठ्यानं चार बोटांची पेरं मोजते, एका बोटाला तीन. बारा झाले की हात भरला, वाटीत एक चिंचोका. म्हणून उत्तराच्या लेखी एकावर शून्य म्हणजे एक चिंचोका, वर काही नाही. मधल्या दहा नि अकराला अंक उरेनात, तर तिनं दहासाठी मडकं काढलं आणि अकरासाठी चिमणी.

मला आधी हसूच आलं होतं. मग गेल्या सोमवारी महाल भागातल्या मुलींच्या शाळेत मोठ्या बाईंनी नवाच्या पुढचा आकडा विचारला आणि हिनं मडकं काढलं. हिला कुंभाराकडे घाला, बाई म्हणाल्या. उद्या शेवटचं बोलावलंय. उद्या चुकली तर यंदा नाव घालणार नाहीत, आणि पुढच्या वर्षी पोर आठाची होईल, मग शाळा कशाला, असं हे म्हणतात. माझी शाळाही अशाच एका 'कशाला'पाशी थांबली होती.

प्रयागबाईला बोलले, तर तिनं लाटणंही थांबवलं नाही. "बाराचे तीन वाटे होतेत, चार बी होतेत. तुमच्या दहाचे तीन करून दाखवा बरं, बाई."

ती गेल्यावर मी उत्तराला मांडीशी घेतलं. म्हटलं, दहाचीच मोजणी खरी, कारण तिच्यात नऊ आहे. माझे वडील सांगत, नऊ कधी मरत नाही. नऊ दुणे अठरा, एक नि आठ नऊ. नऊ त्रिक सत्तावीस, दोन नि सात नऊ. देवाचा आकडा तो.

उत्तरानं वाळलेल्या पापडांची टोपली पुढ्यात ओढली. मग तिनं पापडांच्या अकरा-अकराच्या चळती रचल्या आणि एकेक चळत वाढवत मोजत गेली. पाटीवर उमटली चिमणी. तिच्याखाली १ आणि मडकं. मग २९, ३८, ४७.

"एक नि मडक्यातले दहा, अकरा. दोन नि नऊ, अकरा. आई, माझी चिमणी पण मरत नाही."

काहीतरी चुकलं असणार. मी चिंचोके मांडले. दोन चिंचोके म्हणजे चोवीस, वर नऊ, तेहतीस. बरोबर. तीन चिंचोके, वर आठ, चव्वेचाळीस. तेही बरोबर. मग माझा नऊ मांडला. नऊ दुणे तिच्या पाटीवर १६ झाले. एक नि सहा, सात. दुसऱ्याच पायरीवर तो मेला होता.

म्हणजे वडिलांचा नऊ अक्षय होता, की आपल्याला बोटं दहा, एवढंच? कोणाला विचारू? बाळ चुळबुळू लागलं.

मी ओल्या फडक्यानं पाटी पुसली. तिचा हात धरून नवापुढं एकावर शून्य लिहवून घेतलं. म्हटलं, हे दहा. उद्या बाईंपुढं हेच म्हणायचं, चिमणी घरी ठेवायची.

तिनं मान डोलावली. चिमणी होती त्या जागेवर बोट फिरवत राहिली.

"म्हणेन. पण आई, मला एकावर शून्यात बारा दिसत असताना दहा म्हटलं, तर ते खोटं होईल का?"