आता तुम्ही बोला

बनशंकरीच्या भाजीबाजारात दामोदर हुक्केरीकरांना बघून बायका हळहळायच्या. मेथी निवडता निवडता एखादी थांबायची, शेजारणीला कोपरानं ढोसायची आणि म्हणायची, बघ, हेच ते, झोपलेत बिचारे. दामोदरराव तिच्यासमोर धडधाकट उभे राहून वांग्यांचा भाव करत असायचे, पण त्यानं कुणाचं समाधान व्हायचं नाही. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या आजीनं तर त्यांच्यासाठी राहुकाळात लिंबाचे दिवे लावले होते. दिसले की ती विचारायची, "अण्णा, यावाग एळ्तीरी?" म्हणजे उठणार कधी. दामोदरराव हात जोडून सांगायचे की ते लेखकाच्या हातात आहे, अम्मा, माझ्या नाही.

भानगड अशी होती की संध्याकाळच्या एका कन्नड मालिकेत ते श्रीकंठय्या होते. म्हैसूरचे उदबत्तीचे कारखानदार. मालिका सुरू झाली त्याच आठवड्यात श्रीकंठय्यांना ट्रकनं उडवलं आणि ते कोमात गेले. तेव्हापासून दीड वर्ष झालं, घरात काय वाटेल ते चाललं होतं. भावानं कारखाना गिळला, जावई पळाला, खोट्या सह्या झाल्या, आणि श्रीकंठय्या आपले डोक्याला पट्टी, नाकात नळी, पलंगावर उताणे. रोज कुणी ना कुणी त्यांच्या उशाशी येऊन रडायचं आणि कट सांगून जायचं. कोमातल्या माणसाइतका भरवशाचा श्रोता दुसरा कोण मिळणार?

लोकांना वाटतं, पडून राहण्यात कसलं आलंय ॲक्टिंग. म्हणणाऱ्याचं काय जातंय. नाकावर माशी बसली तरी पापणी हलवायची नाही. लेकीचं काम करणारी भूमिका नावाची मुलगी गळ्यात पडून रडायची, तिचं खरंखुरं पाणी कानात ओघळायचं, तरी गप्प राहायचं. दामोदररावांना ते जमायचं. इतकं जमायचं की अधूनमधून ते खरेच झोपायचे. एकदा तर भूमिका आईची आठवण काढून हुंदके देत असताना ते चांगले घोरले, आणि साऊंडवाल्यानं हेडफोन काढून फेकला. तेवढं घोरणं कापलं. दीड वर्षात त्यांच्या गळ्यातून निघालेला तेवढाच आवाज, तोही कापला.

आणि इथंच दामोदररावांचं दुखणं होतं.

माणूस मूळचा निपाणीचा. टेलिफोन खात्यात लागून बेंगळुरूला आला आणि इथलाच झाला. चेहरा देवानं असा दिला होता की बघणाऱ्यानं उठून खुर्ची द्यावी. तो चेहरा एका निर्मात्यानं बसस्टॉपवर हेरला, आणि सुट्टीच्या दिवशी दामोदरराव सिनेमात न्यायाधीश व्हायला लागले. मग डॉक्टर झाले, मठाचे स्वामी झाले, हिरॉईनचे खडूस वडील झाले. पण तोंड उघडलं की पंचाईत. कन्नड त्यांना पाण्यासारखं यायचं, पण ते निपाणीकडचं, खरखरीत, प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'री' लावलेलं. बेंगळुरूच्या पडद्यावर तसं बोलणारा एक तर घरगडी असतो नाही तर विदूषक. दामोदररावांचा चेहरा दोन्हींत बसेना. मग चेहरा ठेवायचे आणि आवाज दुसऱ्याचा लावायचे. "सार, तोंड म्हैसूरचं आहे हो तुमचं, पण जीभ निपाणीची," असं प्रत्येक दिग्दर्शक त्यांना हसत हसत सांगायचा. तेही हसायचे.

पहिला सिनेमा बघायला ते बायकोला, महानंदाला, थाटात घेऊन गेले होते. पडद्यावर दामोदररावांनी हातोडा आपटला, ओठ हलले आणि भलत्याच कुणाचा तरी गुळगुळीत आवाज आला. महानंदा घाबरली. "अहो, हे कोण बोलतंय तुमच्या तोंडातून?" एवढ्या जोरात विचारलं की पुढच्या रांगेतले हसले. त्यानंतर तिनं ठरवूनच टाकलं. घरी टीव्हीवर नवऱ्याचा कुठलाही प्रसंग लागला की ती रिमोट उचलायची, आवाज बंद करायची आणि म्हणायची, "आता तुम्ही बोला." दामोदरराव सोफ्यावर ताठ बसायचे आणि स्वतःच्या ओठांवर नजर ठेवून स्वतःच्या आवाजात फाशीची शिक्षा सुनावायचे. प्रेक्षक एकच, पण हक्काचा. दुधाची तहान ताकावर म्हणा, पण ताकही रोज मिळालं की माणूस त्यावर सुखानं जगतो. तरी एकदा, फक्त एकदा, आपला आवाज त्या डब्यातून यावा आणि नंदानं तो ऐकावा, एवढी एक हाव त्यांची सुटली नव्हती.

म्हणूनच श्रीकंठय्या शुद्धीवर येणार असं दिग्दर्शक मंजुनाथनं फोनवर सांगितलं, तेव्हा दामोदररावांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"बोलायचं मी?"

मंजुनाथ जरा घुटमळला. चांगला मुलगा होता, उगाच खोटं बोलायचा नाही. "सार, डबिंगवाल्याला सांगून ठेवलंय. पण एक करू. सेटवर तुमचाच आवाज घेऊ. म्हैसूरचं वाटलं तर मी चॅनेलशी भांडतो."

वाक्य छोटंच होतं. डोळे उघडायचे आणि म्हणायचं, "मगळे, नानु यल्लिद्दीनि?" मुली, मी कुठं आहे? दामोदररावांच्या जिभेवर त्याचं 'यल्लि अदीनि' व्हायचं. खालच्या मजल्यावर सुप्रीता राहायची, शाळेत कन्नड शिकवायची. ते तिच्याकडे जाऊन विद्यार्थ्यासारखे बसले. तिनं हौसेनं शिकवलं, अगदी पट्टी हातात घेऊन. "अदीनि नाही सार, इद्दीनि. स्वल्प मऊ." दामोदरराव घरभर इद्दीनि इद्दीनि करत फिरायला लागले. आंघोळीला गेले तरी आतून तेच.

"सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही म्हणतात," महानंदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "कशाला जाळताय तो सुंभ? चांगला तर आहे की."

"तुला चांगला आहे गं. चॅनेलला नको का?"

पण पीळ गेला. सुप्रीतानं प्रमाणपत्र दिलं की आता तुम्हाला म्हैसूरचा राजासुद्धा ओळखायचा नाही.

शूटिंगचा बंगला हेब्बाळच्या पुढे होता. दामोदरराव गाडीत बसल्यापासून पुटपुटत होते, आणि हेब्बाळच्या पुलाखालच्या ट्रॅफिकनं पुटपुटायला भरपूर वेळ दिला. पट्टी बांधून झाली, नळी लागली, भूमिकानं हात हातात घेतला. डोळे उघडून दामोदररावांनी वाक्य म्हटलं. एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. मंजुनाथनं नाही अशी मान हलवली. परत घेतलं. परत घेतलं. शेवटी तो पलंगाशी येऊन बसला.

"सार, बरोबर आहे. फार बरोबर आहे. बातम्या वाचल्यासारखं वाटतंय."

दामोदररावांचा चेहरा पडला. आवाज घालवून आवाज मिळवायला निघालो होतो, हे त्यांना तिथंच कळलं, आणि फार वाईट वाटलं. मंजुनाथ म्हणाला, जेवून घेऊ, नंतर फक्त ओठ हलवा, बाकी डबिंगवाला सांभाळेल. बोलणं गोडच होतं, पण निकाल लागला होता.

ते जेवले नाहीत. पलंगावरच आडवे झाले आणि दीड वर्षाच्या सवयीनं त्यांना झोप लागली. भूमिकाला ते जेवले नाहीत हे कळलं होतं. कॅमेऱ्याबाहेरही ती त्यांना अप्पाच म्हणायची. चहाचा कप घेऊन ती आली आणि त्यांच्या खांद्याला हात लावून हळूच म्हणाली, "अप्पा, एळी." म्हणजे उठा.

दामोदररावांनी डोळे न उघडताच नाक आधी हलवलं. मग रोज सकाळी म्हणतात तेच, तसंच खरखरीत, झोपेनं जड झालेलं म्हणाले, "नंदा, चहा झाला का गं?" मग एक डोळा उघडला. समोर भूमिका, मागे मंजुनाथ, हातात जेवणाचा डबा तसाच.

"काय म्हणालात सार?"

"काही नाही. घरी असल्यासारखं वाटलं."

"तेच. तेच पाहिजे मला." मंजुनाथनं डबा ठेवला. "तुमच्याकडच्या कन्नडमध्ये म्हणा."

"चहा आतेनवा?" दामोदरराव ओशाळून म्हणाले. "पण म्हैसूरचा माणूस कॉफी मागेल."

मंजुनाथनं तिथल्या तिथं लेखकाला फोन लावला. मालिकेचा लेखक म्हणजे काय, तो आधी पूल बांधतो आणि नंतर नदी आणतो. दहा मिनिटांत श्रीकंठय्यांचं बालपण बेळगावला मामाच्या घरी गेलं. कोमातून उठताना लहानपणची भाषा तोंडात आली, असं ठरलं. वर लेखक खूष, कारण मामा सापडला म्हणजे मामाची इस्टेटही सापडणार.

पण झोपेत म्हटलेलं जागेपणी म्हणायचं ही थट्टा नाही. दिवे लागले, सगळे गप्प झाले, आणि दामोदरराव पलंगावर उताणे झाले. डोळे मिटून त्यांनी म्हैसूर सोडलं, सुप्रीताची पट्टी सोडली. स्वयंपाकघरातली भांडी आठवली, आल्याचा वास आठवला, आणि नंदा पाठमोरी उभी आहे ती आठवली. मग हळूच डोळे उघडून त्यांनी विचारलं. भूमिका रडायची होती, ती आधी हसली आणि मग रडली. मंजुनाथनं कट म्हणायला वेळ लावला.

"मी भांडतो चॅनेलशी," तो म्हणाला. "पण सार, शब्द देत नाही."

प्रसंग दाखवायचा त्या दिवसापर्यंत चॅनेलकडून हो नाही की नाही नाही. दामोदररावांनीही फोन केला नाही. एकदा एका सिनेमात असंच झालं होतं, ठेवतो ठेवतो म्हणाले आणि शेवटी तोच गुळगुळीत माणूस बोलला. महानंदाला त्यांनी सगळं सांगितलं होतं, वाक्य सोडून. ते तिनं टीव्हीवरच ऐकायचं होतं.

"आज आवाज बंद करायचा नाही हां, नंदा."

"खुळी आहे काय मी? एवढं कळत नाही होय मला?"

साडेसातला दोघं सोफ्यावर बसली. उकाडा होता, खिडक्या उघड्या. खाली सुप्रीताकडेही तीच मालिका लागली होती. तिचा टीव्ही ह्यांच्या टीव्हीच्या किंचित मागे चालायचा. क्रिकेटमध्ये ह्यांच्याकडे सिक्सर बसली की महानंदा टाळी वाजवायची आणि खालून सुप्रीता ओरडायची, "अक्का, आमचा बॉल अजून टाकायचा आहे."

पडद्यावर भूमिका उशाशी बसली. बोटं हलली. दामोदररावांची पट्टी बांधलेली मान वळली. महानंदा पुढं सरकली, एका हातात पदराचं टोक, दुसऱ्या हातात रिमोट. डोळे उघडले. ओठ हलायला लागले.

आणि इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय, तिचा अंगठा आपसूक दाबला गेला. टीव्ही मुका झाला. "आता तुम्ही बोला," असंही ती म्हणून बसली. आणि दामोदररावांची सवय तरी काय कमी, तेही ताठ बसून म्हणाले, "चहा आतेनवा?"

सोफ्यावर म्हणाले. डब्यातून काय आलं, कुणाचं आलं, ते गेलं.

महानंदाचं तोंड एवढंसं झालं. रिमोट तिच्या हातून सुटला. "अहो, काय केलं मी हे," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं. दामोदररावांना तिला काहीतरी बरं बोलायचं होतं, जाऊ दे, उद्या दुपारी परत दाखवतात, असलं काहीतरी. पण त्यांनाच ते जड जात होतं.

तेवढ्यात खालून, सुप्रीताच्या खिडकीतून, मोठ्यानं लावलेल्या टीव्हीतून आवाज वर आला. खरखरीत, झोपेनं जड, निपाणीचा.

"चहा आतेनवा?"

गुळगुळीत माणूस नव्हता तो. पाठोपाठ खाली सुप्रीताची किंकाळी ऐकू आली, मग समोरच्या घरातून हसणं, मग कुठूनतरी टाळी. आयुष्यात पहिल्यांदा दामोदरराव आपला आवाज बाहेरून येताना ऐकत होते, आणि तो त्यांना चांगला वाटला. अगदी चांगला वाटला.

महानंदा उठली. पदरानं डोळे पुसले, खिडकीशी गेली, आणि रोज सकाळी स्वयंपाकघरातून देते तसं, खाली वाकून त्या आवाजाला उत्तर दिलं.

"झाला हो, आणते."

आणि ती आत जाऊन आलं किसायला लागली. साडेसातला त्या घरात कधी चहा होत नसे.