तेच हातमोजे

धम्मरत्न चाकणच्या बेअरिंगच्या कंपनीत क्वालिटीला होता आणि त्याच्या नजरेला अख्खी लाइन वचकून असे. उघड्या बोटाचा ठसा उमटला तरी बेअरिंगला गंज धरतो. म्हणून मळके हातमोजे न बदलता कोणी दुसऱ्या ट्रेला हात लावला, की हा गडी सरळ लाइन थांबवायचा. सुपरवायझरचीही भीडभाड ठेवायचा नाही.

असा माणूस दवाखान्यात मात्र मूग गिळून बसला. बायकोचं, आम्रपालीचं सिझर होऊन दुसरा दिवस होता. सिस्टरनं शेजारच्या बाईचे पू धरलेले टाके पुसले आणि त्याच हातमोज्यांनी आम्रपालीची पट्टी सोडली. धम्मरत्न बघत होता. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण सिस्टर स्वभावानं गोड, खिडकीजवळची खाटही तिनंच मिळवून दिलेली. शिवाय शिकल्यासवरल्या माणसांना आपण काय सांगायचं? सगळी अक्कल त्यानं बहुतेक कंपनीच्या गेटवरच ठेवली होती.

पाचव्या दिवशी ताप चढला, टाके पिकले. जंतू आत गेले होते. जीव वाचवायला डॉक्टरांना गर्भपिशवी काढावी लागली. बाळ तेवढं धडधाकट होतं.

पिंपळे गुरवच्या घरी त्याची आई, भिमाबाई, सुनेलाच बोल लावायची. "घाईनं आंघूळ केलीस, म्हून टाके पिकले." आम्रपाली मान खाली घालून ऐकायची. धम्मरत्न शेजारीच चहा पीत बसायचा. आपल्या गप्प राहण्याची त्याला लाज वाटायची, तरी तो गप्पच राहायचा.

तीन महिन्यांनी लेकीची लहान झालेली झबली आम्रपालीनं पिशवीत भरली.

"ही शेजारच्या साक्षीताईंना द्या. त्यांना सातवा लागलाय. माझ्या चुकीनं आपल्याला तर आता लागायची नाहीत."

धम्मरत्नाला ते ऐकवेना. त्यानं सगळं सांगून टाकलं. शेजारची खाट, पू, तेच हातमोजे. सांगताना तो रडला.

तिनं पिशवीतलं वरचं झबलं काढून पुन्हा नीट घडी घातली.

"मीपण पाहिलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्याकडे बघितलं. तुम्ही थांबवलं नाही, म्हणून वाटलं, चालत असेल."