मुहूर्तावर निघालेली पेटी

मी एक जुनी चामड्याची पेटी आहे, मित्रांनो. मुक्काम कुंभकोणम. अंबूरच्या कारागिराने मला दुहेरी दोऱ्याने शिवले, पितळी कड्या लावल्या आणि नव्या नवरीबरोबर, म्हणजे अलमेलूअम्मांबरोबर, मी या घरी आले. तरुणपणी मदुरेला गेले, तिरुपतीला गेले. फलाटावर लोक वळून बघत. पुढे चाकांच्या बॅगा आल्या आणि मी माळ्यावर गेले. तिथे एका मांजरीने माझ्या झाकणावर दोन बाळंतपणे उरकली. मी तक्रार केली नाही. कोणी विचारलेही नाही.

मग एके दिवशी अलमेलूअम्मांच्या धाकट्या भावाचा, शेषाद्रीचा फोन आला. तो मालवाहू जहाजावर असतो. कित्येक वर्षांनी त्याचे जहाज चेन्नई बंदराला लागणार होते, तेही फक्त मंगळवारी.

"अक्का, बंदराच्या दाराशी ये. रात्री आम्ही सुटतो."

घरात बेत सुरू झाले. मला उतरवून पुसले. पोटात चकलीसारखा मुरुक्कू, कैरीचे लोणचे, शेषाद्रीला नेसायला वेष्टी असे काय काय भरले. पण अलमेलूअम्मांचे यजमान वरदराजन निवृत्त हेडमास्तर. पंचांग पाहिल्याशिवाय दाढीही करत नसत. मंगळवारी उत्तरेला दिशाशूल, म्हणजे तिकडचा प्रवास वर्ज्य, आणि चेन्नई हट्टाने उत्तरेलाच!

यावर आमच्याकडे तोड आहे. आदल्या दिवशी शुभ घटिकेला सामान शेजारी नेऊन ठेवायचे. सामान निघाले, की माणूस निघाल्यासारखेच. सोमवारी मी मोठ्या थाटात समोरच्या कोदैमामींकडे प्रस्थान ठेवले.

मंगळवारी सकाळी दाराबाहेर आवाज ऐकू आले. मामी पहाटेच कुलूप लावून तंजावरला गेल्या होत्या; लेकीला कळा लागल्या होत्या. किल्ली त्यांच्या कमरेला.

"संपलं," वरदराजन म्हणाले. "पेटीशिवाय निघालो तर प्रस्थान मोडलं. पुढच्या वेळी जाऊ."

"पुढच्या वेळी? तो उगवेल तेव्हा पंचांग वाचायला तुम्ही असाल का?"

"अगं, सकाळी सकाळी काय बोलतेस!"

"गाडी चुकेल, चला."

"रिकाम्या हातांनी?"

"बरंच झालं. हात मोकळे असले, तर त्याला धरता तरी येईल. तुम्ही येताय, की इथेच पेटीला सोबत करताय?"

पावले दूर गेली. थोड्या वेळाने दुसरीही, धापा टाकत.

बुधवारी मामी परतल्या, नातवाचे पेढे घेऊन. त्यांच्या ओसरीवर अलमेलूअम्मा सांगत होत्या, "टक्कल पडलंय हो त्याला! सगळ्यांदेखत दाराशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. काय आणलंस, म्हणून विचारलंसुद्धा नाही."

आतला मुरुक्कू मी तोवर उत्तम कुरकुरीत ठेवला होता. पण तो मनुष्य समुद्रावर गेला होता.

तेव्हा मित्रांनो, आम्हा पेट्यांना जपा, कड्यांना अधूनमधून तेल द्या. पण कोणी दाराशी बोलावले, तर आमच्यासाठी थांबू नका. इतक्या चोख मुहूर्तावर निघून मी रस्ता ओलांडण्यापलीकडे गेले नाही. आम्ही माळ्यावर वाट पाहू शकतो. जहाजांना ती सवय नाही.