गजराबाईचा गोल चेहरा

गजराबाईनं तिसरी भाकरी मोडली तेव्हा बब्रुवान कॉटच्या कडेला बसून बायकोकडं नुसता बघत राहिला.

"काय बघताय? गोळ्यांनी भूक लागती म्हनल्यात डॉक्टरीनबाई."

"खा की. म्या कुठं न्हाय म्हनलं?"

महिन्यापूर्वी त्यानं तिला सोलापूरच्या या दवाखान्यात आणलं तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता, खोकल्यातून रक्त पडत होतं. तामलवाडीत सगळ्यांनी क्षयच धरला होता. तिचं ताट वेगळं, अंथरूण ओसरीवर. पाच वर्षांच्या लेकीला, बनाला, तिच्या जवळ फिरकू देत नव्हते. बब्रुवानला मात्र वाटायचं, दुष्काळी कामावर खडी फोडायला आपणच तिला नेलं. त्या धुळीनंच घात केला.

डॉक्टर तारामती मुंबईहून आलेला रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या.

"क्षय नाही, धुळीचंही नाही," त्या म्हणाल्या. "रोगाशी लढायला रक्तात जे तयार होतं, ते हिच्याच अंगावर उलटलंय. आपलं कोण, परकं कोण, त्याला कळेनासं झालंय. आधी सांधे धरले, मग फुप्फुसं. गोळ्यांनी ते आवरलंय."

"मंजी बाहेरचं कुनीच न्हाय?"

"नाही. तुमचीही चूक नाही. आणि हे दुसऱ्याला लागत नाही. फक्त मला विचारल्याशिवाय गोळ्या बंद करायच्या नाहीत."

बब्रुवाननं मान हलवली, टोपी काढली, परत घातली. मग एसटी स्टँडकडं निघाला.

दुसऱ्या दिवशी तो बनाला घेऊन आला. ती वॉर्डाच्या दारातच थांबली. गोळ्यांनी गजराबाईचे गाल टम्म फुगले होते.

"ही आई न्हाय," बना म्हणाली.

गजराबाई खदखदून हसली. खोकला आला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

"बरं, मग इचार की मला कायबी."

"आमच्या शेळीचं नाव काय?"

"हरणी."

बना दोन पावलं पुढं आली.

"म्या कशातनं पडले हुते?"

"बैलगाडीतनं. अन् रडली न्हाईस."

"म्या कुनापाशी झोपते?"

बब्रुवान खिडकीबाहेर बघू लागला.

"आजवर आजीपाशी," गजराबाई म्हणाली. "आता माझ्यापाशी."

बनानं जरा विचार केला. चपला काढून कॉटखाली नीट लावल्या.

"सरक की मग," ती म्हणाली.